अलेक्झांड्रियाचे माझे तीन दिवस

शनिवार, ५ ऑक्टोबर १९९६

रजा मिळाली. मुख्याध्यापिकेने तोंड वाकडं केलं, पण सही केली. महिनाअखेरचा गुरुवार आणि त्यानंतरचा शनिवार, मधला शुक्रवार सुट्टीचाच. तीन दिवस मी अलेक्झांड्रियाला जाणार, एकटी, आणि शहर बघणार.

लिहितानाच माझं डोकं तापलं. बावन्न वर्षांची बाई मी, पाकशास्त्र शिकवून आमच्या अर्ध्या शुब्रा वस्तीतल्या मुली नांदायला पाठवल्या, आणि कैरोपासून अडीच तासांवरचं शहर बघितलेलं नाही. गेले नाही असं नाही. दोनदा गेले. दोन्ही वेळा सासरचा सगळा गोतावळा, मंताझाच्या बागेत चटई, आणि चटईवर पातेल्यांपाशी मी. कुणीतरी बसायला हवंच ना राखणीला. बाकीचे पाण्यात पाय बुडवून आले, घोडागाडीतून फिरून आले, आणि आल्या आल्या विचारलं, वांगी कुठल्या पातेल्यात आहेत.

माझा नवरा रुश्दी मात्र दर पंधरवड्याला जायचा. कापसाच्या कंपनीचा माल बंदरावर चढवून द्यायचं काम, दोन रात्री मुक्काम. लग्न झाल्यापासून मी म्हणत होते, मला एकदा न्या. म्हणायचा, "काय आहे तिथे बघायला? दगड आणि ओल." मग त्याचं आजारपण आलं, आणि त्यात माझी चार वर्षं गेली. गेल्या महिन्यात त्याला जाऊन वर्ष झालं, कुराणपठण झालं, मी काळे कपडे पेटीत घातले. अल्लाह त्याच्यावर दया करो. आता मी माझे दगड बघायला जाणार आहे.

सगळ्यांत आधी समुद्रात घुसलेला कैतबेचा किल्ला. त्याच्याच वाटेवर अबुल अब्बासची मशीद. दुसऱ्या दिवशी जमिनीखालची थडगी आणि रोमन रंगमंच. तिसऱ्या दिवशी संग्रहालय, आणि मग नुसतं किनाऱ्यावर बसणं. बरोबर एकही पातेलं नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जिन्यात हिकमतताई भेटल्या. माझी नणंद, रुश्दीची थोरली बहीण, आमच्याच वर तिसऱ्या मजल्यावर राहते. लग्न केलं नाही, भावाच्या संसारावर पहारा केला. माझ्या हातात रेल्वेचं वेळापत्रक होतं. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि सांगता सांगता तोंडातून निघून गेलं, "चला की तुम्ही पण."

आता याला कुणी आमंत्रण म्हणेल? नावाड्याचं आमंत्रण ते. भर नाईलमध्ये नाव चाललेली असते, नावाडी भाकर मोडता मोडता काठावरच्याला ओरडतो, ये रे जेवायला. काठावरचा काय पोहत येणार असतो? तो म्हणतो, तुझं भलं होवो, आणि आपल्या वाटेने जातो. शेंबड्या पोरालाही हे कळतं. हिकमतताईंना तर चांगलंच कळतं. जन्मभर मी दर ईदला म्हणत आले, थांबा जेवायला, आणि जन्मभर त्या पोट भरलंय म्हणत वर गेल्या.

आज त्यांनी कठडा धरला. चेहरा पांढराफटक, जिने चढून दम लागला असणार. आणि म्हणाल्या, "येते."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण नाही. पडत्या फळाची आज्ञा घेऊन बाई वर गेली. मी जिन्यातच उभी. एकदा माणूस नावेत चढल्यावर कुठल्या तोंडाने म्हणायचं की उतरा खाली?

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आज दुपारी त्या खाली आल्या, चष्मा घालून, तयारीनिशी. त्यांच्या मते मुक्काम मंदराला करावा. मंदरा म्हणजे शहराचं पार पूर्वेचं टोक, तिथून किल्ल्याला जायचं तर अर्धा दिवस बसमध्ये. हवा चांगली आहे म्हणे. आणि बघायचं काय? तर मंताझाची बाग. तीच बाग, तीच चटई. तळपायाची आग मस्तकात गेली.

मी म्हटलं, किल्ला. म्हणाल्या, ऑक्टोबरच्या शेवटी वादळं सुरू होतात, लाटा थेट रस्त्यावर येतात. बरं, मग मशीद तरी? तर म्हणाल्या, अबुल अब्बासला काय जायचं, तिथे फार गर्दी असते. पाच वेळची नमाजी बाई. गुडघे दुखत असताना इथल्या प्रत्येक पिराच्या मशिदीत जाऊन येते, आणि अलेक्झांड्रियातल्या सगळ्यांत मोठ्या पिराला हिला गर्दी आडवी येते. खरं कारण मला ठाऊक आहे. मला जे हवं ते मला मिळू द्यायचं नाही, एवढंच. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून चाललंय. तेव्हा माझे पडदे खुपले, आता माझा किल्ला खुपतोय.

मी चहा दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

नेव्हीनचा तांताहून फोन. लेकीला आनंद होईल वाटलं होतं. तिने आधी एकटीने जाऊ नकोस म्हटलं, मग आत्या येतेय ऐकून म्हणाली, बरं झालं, आत्या सांभाळून घेईल. मला सांभाळायचंय म्हणे. मी काय दुधाचं भांडं आहे?

आणि वर म्हणते, "आई, किल्ल्याकडे नको गं जाऊस. काय आहे तिथे? दगड आणि ओल."

अगदी बापाचे शब्द, बापाच्याच सुरात. क्षणभर मला वाटलं तोच बोलतोय. फोन ठेवल्यावर उलगडा झाला. वरच्या मजल्यावरून तांताला आधीच फोन गेलेला असणार. माझ्या पोटच्या पोरीचेही कान भरले.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

एक चांगली कल्पना सुचली, आणि तिचंही वाटोळं झालं.

रुश्दी कंपनीच्या विश्रामगृहात उतरायचा. तिकडच्या कोळीवाड्याजवळ, किल्ल्यापासून दोन पावलांवर, असं तो सांगायचा. जागा नक्की टापटीप असणार. तिकडून आला की त्याच्या सदऱ्यांच्या कॉलरी अशा कडक असायच्या की मी इथल्या इस्त्रीवाल्याला दाखवायचे, बघ, याला म्हणतात काम. म्हटलं, कंपनीच्या माणसाच्या विधवेला तीन दिवस खोली द्यायला काय हरकत आहे? हिकमतताईंना बोलले तर त्यांच्या हातातली मुळुखियाच्या भाजीची जुडी खाली पडली. ते बंद झालं म्हणाल्या. तुम्हाला कसं माहीत विचारलं, तर रुश्दीच म्हणाला होता म्हणे.

मी शाळेतून कंपनीत फोन केला. कुणी कोवळ्या आवाजाचा कारकून. म्हणे, अलेक्झांड्रियात आमचं विश्रामगृह कधीच नव्हतं, बाईसाहेब, तिकडची माणसं संध्याकाळच्या गाडीने परत यायची. काल चिकटलेलं पोर, मला कंपनीचा इतिहास सांगतंय. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. माझा नवरा तुझ्या जन्माआधीपासून तिथे मुक्काम करत होता, म्हटलं. त्याने माफी मागितली.

मग शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी रमल स्थानकाजवळचं एक पेन्शन, म्हणजे घरगुती लॉज, सुचवलं, ग्रीक म्हातारी चालवते, खिडकीतून समुद्र दिसतो. फोन करून माझ्या नावाने खोली ठेवली. तिथून किल्ला चालत गाठता येतो. वरच्या मजल्यावर नुसतं कळवलं, विचारलं नाही.

सोमवार, २१ ऑक्टोबर

त्या बाईने माझी खोली रद्द केली.

माझं नाव सांगून. माझा आवाज काढून. ग्रीक म्हातारीला मी सहज म्हणून फोन केला, नाश्त्याचं विचारायला, तर ती म्हणते, मॅडम, परवा तुम्हीच तर नको म्हणालात. मी परत घेतली, पण समुद्राची गेली, आता गल्लीकडची मिळाली.

वर जाऊन दार बडवलं. इतका राग मला रुश्दीच्या औषधांची बाटली फार्मसीवाल्याने चुकीची दिली तेव्हाही आला नव्हता. मी म्हटलं, तुमचं माझ्याशी काय वाकडं आहे ते एकदा सांगून टाका. त्या दारात उभ्या, हात ओले. म्हणाल्या, "मुशीरा, यंदा नको जाऊस. पुढच्या वर्षी जा." मी म्हटलं, मी चोवीस वर्षं पुढच्या वर्षीच जातेय.

खाली येताना जिन्यात सगळ्यांची दारं किलकिली. ऐका, म्हटलं, सगळ्यांनी ऐका. पण कुणी हसत नव्हतं. उलट पहिल्या मजल्यावरची उम्म शौकी माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. हिला काय झालं?

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

अक्षर वेडंवाकडं आलं तर येऊ दे.

दुपारच्या नमाजानंतर हिकमतताई आल्या. बसल्या नाहीत. खिडकीकडे तोंड करून बोलल्या, पाठ केल्यासारखं. रुश्दीची तिथे बायको आहे. किल्ल्याच्या रस्त्यावर, मशिदीच्या मागेच, अतियात नावाची, शिवणकाम करते. नोंदणी नाही, साध्या कागदावरचं लग्न, दोन साक्षीदार. आजारी पडेपर्यंत चाललं. दुकानात त्याचा फोटो लावलाय. "तू किल्ल्याला जाणार म्हणजे त्या दुकानावरूनच जाणार. फोटो रस्त्यावरून दिसतो. म्हणून मी येते म्हणाले. तुला दुसऱ्या वाटेने न्यावं म्हणून."

मी आधी काय म्हणाले असेन? म्हणाले, पण कंपनीचं विश्रामगृह. स्वतःच्या कानांनी ऐकलं मी ते. मला माझ्या मूर्खपणाचीच लाज वाटली. तो कारकून खरं बोलत होता आणि मी त्याला झापलं. त्या कडक कॉलरी. त्या मी गल्लीभर मिरवल्या. दुसरीने केलेली इस्त्री मी इस्त्रीवाल्याला धडा म्हणून दाखवली.

विचारलं, कुणाकुणाला माहीत होतं? नेव्हीनला? मान हलली. उम्म शौकीला? इस्त्रीवाल्याला? मान हलतच राहिली. म्हणजे सगळ्या इमारतीला, सगळ्या गल्लीला, माझ्या मुलीला. मी चार वर्षं त्याचं अंग पुसत होते, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण बिछान्याशी बसून, मला "सोनं आहेस गं तू" म्हणत, मनात काय म्हणत होता?

मी म्हटलं, जा. त्या गेल्या. मी भिंतीवरचा त्याचा फोटो काढला, मग परत लावला, मग काढला. खिळा राहिलाय.

शनिवार, २६ ऑक्टोबर

शाळेत शिक्षा म्हणून पूर्ण वर्गाला पांढरा सॉस पुन्हा करायला लावला. त्यांचा काही दोष नव्हता.

नेव्हीनचा फोन आला. रडत होती. म्हणते, तुला दुखवायचं नव्हतं. मी म्हटलं, मला दुखवायचं नव्हतं म्हणून सगळ्यांनी मिळून मला बावळट ठरवलं. तुझ्या बापाने एकदाच फसवलं, तू इतकी वर्षं माझ्या टेबलावर जेवून फसवत राहिलीस. फोन आपटला. नंतर वाटलं, कळलं तेव्हा पोर जेमतेम सोळाची असेल, तिने तरी काय करायचं होतं? पण परत फोन केला नाही. अजून एवढी चांगली मी झालेली नाही.

आता सगळे एकच म्हणतात, जाण्याचं रद्द कर. भूगोलाच्या बाईंनाही कुठून कळलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, लक्सरला जा त्यापेक्षा. म्हणजे तो तिथे दुसरा संसार करणार, आणि शहर मात्र मी सोडायचं. त्याने जिवंतपणी मला ते दाखवलं नाही, मेल्यावर तरी अडवू नये.

आणि खरं लिहायचं तर भीती वाटते. त्या दुकानासमोर माझे पाय अडखळले तर? ती तरुण असली तर?

सोमवार, २८ ऑक्टोबर

मीच वर गेले. भांडायला नाही. एक गोष्ट घशात अडकली होती.

मी विचारलं, "तुम्ही त्या लग्नाला गेला होतात?"

हिकमतताई मसूर निवडत होत्या. ताट बाजूला ठेवलं. "हो."

"जेवलात?"

"जेवले." त्यांनी ताट परत पुढ्यात ओढलं. "भाऊ होता माझा, मुशीरा. त्याने बोलावलं, मी गेले. परत आल्यावर तुझ्या घरात तोंडात घास जाईना. म्हणून कधी बसले नाही तुझ्या टेबलावर."

इतकी वर्षं मी समजत होते, माझ्या हातचं यांना आवडत नाही. पण दया यायच्या आधी मला तेच पुढचं विचारायचं होतं. काय होतं जेवायला?

"मासे," त्या म्हणाल्या. "कोळीवाडाच तो. तळलेली बोय आणि कांद्याचा तांबूस भात."

"आणि तो?"

त्या मसूर निवडत राहिल्या. मी ताटच उचललं त्यांच्यासमोरून. तेव्हा म्हणाल्या, "दोनदा वाढून घेतलं. तिथे असला की रोजच खायचा."

मी तिथेच जमिनीवर बसले. माझ्या घरात चोवीस वर्षांत मासा शिजलेला नाही. लग्नाच्या पहिल्या महिन्यात मी एकदा तळले, तर हा नाकाला रुमाल लावून जिन्यात जाऊन बसला. म्हणाला, वासाने ओकारी येते, लहानपणापासूनची. शाळेत मी दर वर्षी मुलींना मासा साफ करायला, मसाला भरायला, तळायला शिकवते, आणि घरी यायच्या आधी लिंबाने हात घासते, नखांखाली, कोपरापर्यंत. माहेरी गेले तरच खायचे, आणि परतताना कपडे बदलायचे. बायको दुसरी केली, खोटं बोलला, हे सगळं ऐकून मी उभी राहिले होते. हे ऐकून मात्र उठवेना.

हिकमतताई हात द्यायला आल्या. मी घेतला नाही. म्हटलं, एक शेवटचं ऐका, मी तुम्हाला बोलावलंच नव्हतं. जिन्यात बोलले ते बोलायची पद्धत म्हणून. मी एकटी जाणार आहे, आणि किल्ल्याच्याच रस्त्याने जाणार आहे.

"मला माहीत होतं ते आमंत्रण कसलं होतं," त्या म्हणाल्या. "ती भेटली तर?"

"भेटली तर भेटेल. मी तिच्यासाठी जात नाहीये, आणि तिच्यासाठी थांबणारही नाही."

बुधवार, ३० ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर सरळ मासळीबाजार. चार बोयी घेतल्या, डोळे स्वच्छ, कल्ले लाल. मासेवाला म्हणाला साफ करून देतो, मी म्हटलं हात लावू नकोस, तो माझा विषय आहे.

घरी येऊन स्वतः साफ केल्या. पोटात लसूण, जिरं, मीठ, लिंबू भरलं, पिठात घोळवल्या. तेल तापवण्याआधी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. स्वयंपाकघराची, दिवाणखान्याची, झोपायच्या खोलीची. त्याचं कपाट सताड उघडलं. कोट अजून तिथेच आहेत, नेव्हीन म्हणत होती कुणाला तरी देऊन टाकू. मग पहिला मासा कढईत सोडला.

धूर घरभर गेला. पडद्यांत गेला, गाद्यांत गेला, कोटांच्या अस्तरात गेला. माझे डोळे चुरचुरत होते, आणि मी शाळेत मुलींना सांगते तसं मोठ्याने स्वतःला सांगत होते, घाई नको, कडा तांबूस होऊ दे, मग उलट.

दारावर टकटक. हिकमतताई, हातात माझ्या प्रवासासाठी उकडलेली अंडी आणि पुदिन्याची जुडी. वास आल्यावर उंबऱ्यातच थबकल्या. मी आत या म्हटलं नाही. एका ताटलीत एक मासा घातला, लिंबाची फोड ठेवली, त्यांच्या हातात दिली.

"ताटली धुऊन द्या," म्हटलं.

"हो." मासा घेऊन त्या वर जाऊ लागल्या, दोन पायऱ्यांवर थांबल्या. "फोटो दुकानाच्या डाव्या भिंतीला आहे. उजव्या बाजूने गेलीस तर दिसणार नाही."

मी म्हटलं, मी डाव्या बाजूने जाईन.

दार लावून टेबलावर बसले, त्याच्या खुर्चीत, कारण तिथून खिडकी समोर येते. तिन्ही मासे एकटीने खाल्ले, हाताने, डोकी चोखून. काटे त्याच्या राखदाणीत टाकले, आणि हात न धुता बॅग भरायला घेतली.